आजी मोजते कुठल्या भाषेत?

नमस्कार, श्रोतेहो.

माणूस जीव मुठीत धरून परक्या देशात येतो. तिथली भाषा शिकतो, त्या भाषेत भांडायलाही लागतो. पण टाके घालताना किंवा पायऱ्या चढताना मोजतो ते बहुतेक जुन्याच भाषेत. नातवंडं ते पुटपुटणं ऐकत मोठी होतात आणि त्यांना त्यातलं अक्षर कळत नाही. निर्वासित कुटुंबांत मागच्या गोष्टी पुढच्या पिढीकडे कशा जातात, हे सांगताना मला या पुटपुटण्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

जानेवारी १९२३. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे करार झाला. काही अपवाद सोडता तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात जायचं ठरलं. करारापूर्वीच पळून आलेले धरून सुमारे बारा लाख माणसं एका दिशेला गेली आणि चारेक लाख दुसऱ्या. वाटणी धर्मावर झाली, भाषा कुणी विचारली नाही. मध्य तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया भागातले कारामान्ली लोक ख्रिस्ती होते, पण बोलायचे तुर्की आणि ती लिहायचे ग्रीक अक्षरांत. ग्रीसमध्ये आल्यावर अशा लोकांना ‘तुर्कांचं बियाणं’ असं हिणवलं गेलं. उलट क्रीट बेटावरून तुर्कस्तानात गेलेले मुसलमान ग्रीक बोलायचे. ते तिथे ‘अर्धे काफिर’ ठरले, आणि १९२८ मध्ये तर ‘नागरिका, तुर्की बोल’ अशी मोहीमच सुरू झाली.

अशा घरातल्या आईने काय करावं? मुलाला रस्त्यावर कुणी हिणवू नये म्हणून ती आपली भाषा घरात कोंडते, मग कुजबुजीपुरती ठेवते आणि शेवटी नवरा-बायकोने मुलांपासून काही लपवायचं असेल तेव्हाच वापरते. मुलाला बरोबर कळतं, की या भाषेत काहीतरी आहे आणि ते माझ्यासाठी नाही. आपण म्हणतो, ‘त्यांनी मुलांना काहीच सांगितलं नाही.’ मला हे पटत नाही. मुलांना पुष्कळ काही कळलेलं असतं, फक्त ते शब्दांत आलेलं नसतं. कुणाचं नाव काढलं की ताटावरून कोण उठतं, दारावर जोरात थाप पडली की बाबांचा चेहरा कसा होतो, हे सगळं पोरांना पाठ असतं.

पालकांच्या गप्प बसण्याला आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. निर्वासित माणूस आपली कहाणी बऱ्याचदा पहिल्यांदा सांगतो ती मुलांना नव्हे, अधिकाऱ्याला. १९५१च्या निर्वासितविषयक करारानुसार त्याला दाखवावं लागतं, की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं स्थान किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची त्याची भीती साधार आहे. तारखा जुळाव्या लागतात. आज सांगितलेल्यात आणि सहा महिन्यांनी सांगितलेल्यात फरक पडला, तर संशय येतो. फाइलमध्ये बसावी म्हणून कापूनछाटून तयार केलेली ती कहाणी मग घरातही तशीच राहते. त्यात छळ असतो. पण शाळेच्या वाटेवरची टेकडी नसते आणि आत्याचं हसणं नसतं, कारण ते कुणी विचारलेलंच नसतं.

आणि मग एक दिवस मुलगीच दुभाषी होते. मुलं नवी भाषा लवकर उचलतात, त्यामुळे कचेरीत, दवाखान्यात त्यांनाच पुढे केलं जातं. दहा वर्षांची पोर आईवडिलांच्या मधे बसलेली असते. डॉक्टर विचारतात, ‘पाठीवरचे हे वण कसले आहेत, विचार बाबांना.’ ती विचारते. बाबा क्षणभर तिच्याकडे बघतात आणि म्हणतात, ‘सांग, पडलो होतो.’ तिला कळतं की हे खरं नाही. तरी ती तेच सांगते, अगदी शुद्ध व्याकरणात. घराण्याचा इतिहास तिच्यापर्यंत असा पोहोचतो, आणि पहिल्याच दिवशी तिला तो लपवायलाही लागतो.

उलटी घरंही असतात, जिथे इतिहास दिवसरात्र बोलला जातो. १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले. कित्येकांनी कुलपाच्या किल्ल्या जपून ठेवल्या. छावणीत जन्मलेल्या नातवाला ‘तू कुठला?’ विचारलं, तर तो कधीही न पाहिलेल्या गावाचं नाव सांगतो. पूर्व बंगालातून कोलकात्याला आलेल्या घरांतही ‘देश’ म्हणजे मागे राहिलेलं गाव. कोलकात्यात वाढलेला मुलगासुद्धा म्हणेल, ‘आमचा देश बारिसाल.’ अशा सांगण्यात गाव हळूहळू सुंदर होत जातं. तिथे दुष्काळ पडत नाही, भावाभावांत बांधावरून वाद होत नाही. मूळचे कोलकातावासी तर चेष्टेने म्हणत, पूर्व बंगालातून आलेल्या प्रत्येकाची म्हणे तिकडे जमीनदारी होती! चेष्टा जरा निर्दय आहे. पण ज्यांचे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबत होते, त्यांच्या नातवंडांना या झळाळत्या गावात जागा कुठे?

मग बोलतं करायचं कसं? ‘तेव्हा काय झालं ते सांगा’ या एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे माणूस गप्प होतो. अथेन्समध्ये १९३०च्या सुमारास मेल्पो मेर्लिए या बाईंनी निर्वासितांच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या संस्थेने पुढच्या काही दशकांत सुमारे पाच हजार माणसांशी बोलून नोंदी केल्या. त्यांत पलायन आहेच, पण गावाची रचना, वाटा, रोजचं जगणं हेही भरपूर आहे. पाणी कुठून आणायचात, या प्रश्नाचं उत्तर देता येतं. ते देता देता विहिरीवर शेवटचं कोण दिसलं होतं, हेही मग कधीतरी निघतं.

कधीकधी तर प्रश्नाचीही गरज नसते, बोट ठेवायला काहीतरी पुरतं. १९७५ मध्ये युद्ध संपून कम्युनिस्टांची सत्ता आल्यावर लाओसमधून पळालेल्या ह्मोंग या डोंगराळ भागातल्या लोकांनी थायलंडच्या छावण्यांमध्ये, विशेषतः बान विनाईमध्ये, कापडावर आपली कहाणी भरायला घेतली. त्यात विमानं आहेत, जंगल आहे, मेकाँग नदी आहे आणि नदीत बांबू धरून तरंगणारी बोटभर उंचीची माणसं आहेत. पुढे अमेरिकेत वाढणाऱ्या नातीने यातल्या एका माणसावर बोट ठेवून ‘हा कोण?’ म्हटलं, की आजीला निदान एवढ्या एकाबद्दल बोलता येतं. साऱ्या युद्धाचा हिशेब तिच्याकडे कुणी मागत नाही.

आता नातवंडांच्या हातात फोन आहे, उपग्रहाची छायाचित्रं आहेत. नातू मोठ्या उत्साहाने आजोबांचं गाव शोधून काढतो आणि पडदा त्यांच्यासमोर धरतो. आजोबा चष्मा पुसतात, बघतात, मान हलवतात. छपरं, करड्या रेघा, काहीच ओळखू येत नाही. त्यांनी गाव वरून कधी बघितलंच नव्हतं.

‘खाली घे,’ ते म्हणतात. ‘अजून खाली. मला रस्त्यावर उभं कर. आता डावीकडे वळ.’