मकरपुऱ्याच्या टाक्या आणि त्यांतला लायनर

(दृश्य : मकरपुरा औद्योगिक वसाहत, बडोदे. लोखंडी पिंजऱ्यात बसवलेल्या पांढऱ्या टाक्यांची रांग.)

बडोद्याच्या दक्षिणेला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शिरले, की लोखंडी पिंजऱ्यात बसवलेल्या पांढऱ्या टाक्या जवळजवळ प्रत्येक फाटकाआड दिसतात. हजार लिटरच्या या टाकीला कारखान्यात आयबीसी म्हणतात. तिच्या शेजारी दोनशे लिटरचे ड्रम उभे असतात, काही निळ्या प्लास्टिकचे, काही पत्र्याचे. या दोन्हींच्या आत पुष्कळदा प्लास्टिकची एक पिशवी बसवलेली असते. ती एकदा भरायची, एकदा रिकामी करायची आणि काढून टाकायची, एवढेच तिचे आयुष्य. हाच लायनर. खरेदी विभागात त्याचा भाव विचारला जातो आणि बहुतेक वेळा भावापुढे काही विचारले जात नाही. पण लायनर निवडायचा तर सुरुवात आत कोणता माल जाणार आणि तो बाहेर कसा येणार, या दोन प्रश्नांपासून करावी लागते.

बडोद्याला रसायनांची ओळख जुनी आहे. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, प्राध्यापक कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये येथे अलेम्बिक या औषधे-रसायनांच्या कंपनीची स्थापना झाली. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली आणि १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्स (आयपीसीएल) ही कंपनी स्थापन झाली. २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झालेल्या या कंपनीचे इंडोथीन हे पॉलिथिलीन देशभर पिशव्यांसाठी वापरले जाई. बहुतेक लायनर याच जातीच्या प्लास्टिकचे, म्हणजे एलडीपीई किंवा एलएलडीपीईचे असतात, तेव्हा या शहराने पिशवीचा कच्चा मालही बनवला आहे आणि पिशवीत भरायचा मालही.

(दृश्य : आयबीसी धुण्याची जागा. फेसाळ पाणी गटारात उतरते आहे.)

लायनर वापरण्याचे खरे कारण धुण्यात आहे. चिकट माल काढल्यावर टाकी स्वच्छ करायची तर गरम पाणी, साबण, कधी कॉस्टिक सोडा लागतो, आणि हे सगळे पाणी सांडपाणी म्हणूनच मोजले जाते. बडोद्याजवळची नंदेसरी औद्योगिक वसाहत आणि आसपासच्या कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी १९८३ पासून पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या कालव्याने जंबुसर तालुक्यात मही नदीच्या मुखाकडे नेले जाते. त्यात जाणारे पाणी आधी शुद्ध करावे लागते आणि त्या शुद्धीकरणाला पैसे पडतात. लायनर घातला की टाकीची आतली भिंत मालाला शिवत नाही आणि धुण्याचे काम बहुतांशी टळते. मात्र कालपर्यंत ज्या टाकीत कीटकनाशक होते तिच्यात पिशवी घालून आज खाद्यतेल भरू, असा हिशेब कोणी करू नये. पॉलिथिलीनमधून वास आरपार जातो आणि सुईच्या टोकाएवढे छिद्र डोळ्यांना दिसत नाही.

आता मालाकडे वळू. बहुतेक आम्ले, अल्कली, ग्लिसरीन, मद्यार्क, पाण्यातली बहुतेक द्रावणे यांना साधे पॉलिथिलीन चांगले तोंड देते. टोल्युईन, झायलीन, हेक्झेन या द्रावकांपुढे मात्र ते टिकत नाही. फिल्म, म्हणजे पिशवीचा पातळ पापुद्रा, फुगते, मऊ पडते आणि द्रव हळूहळू पाझरतो. हे सर्वांना माहीत असते. त्याहून फसवा शत्रू म्हणजे साबण. कापडप्रक्रियेला लागणारी साबणासारखी द्रव्ये पॉलिथिलीनला विरघळवत नाहीत, फुगवतही नाहीत, पण पिशवी जिथे घडी पडून ताणलेली असते तिथे ती बारीक तडे पाडतात, आणि हे तडे भरणीच्या दिवशी न दिसता काही आठवड्यांनी, गिऱ्हाइकाच्या गोदामात दिसतात. प्लास्टिकची ही सहनशीलता प्रयोगशाळेत मोजताना नमुने मुद्दाम वाकवून नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट या साबणासारख्या द्रव्याच्या द्रावणात बुडवतात, यावरून साबणाचा गुण ओळखावा.

(दृश्य : काचेच्या बरणीत बुडवलेली, चिमट्याने घडी घातलेली फिल्मची पट्टी. जवळून.)

म्हणून पुरवठादाराच्या छापील तक्त्यावर थांबू नये. फिल्मची पट्टी कापून तिचे वजन करावे, ती मधोमध दुमडून चिमट्यात पकडावी, प्रत्यक्ष मालात बुडवून झाकणबंद बरणी उबेत ठेवावी आणि तीन-चार आठवड्यांनी पट्टी काढून पुसून पुन्हा वजन करावे. वजन वाढले तर फिल्म माल पिते आहे. घडीच्या रेषेवर पांढुरकी चीर दिसली तर ती फिल्म त्या मालासाठी बाद.

हवेतल्या ऑक्सिजनने बिघडणारा माल असेल, उदाहरणार्थ फळांचा गर किंवा सुगंधी तेल, तर नुसते पॉलिथिलीन पुरत नाही. त्यासाठी ईव्हीओएच नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर लागतो. कोरडा असताना तो ऑक्सिजन फार चांगला अडवतो, पण ओलाव्याने त्याचा गुण उतरतो, म्हणून तो पॉलिथिलीनच्या दोन थरांमध्ये दाबून बसवतात. ॲल्युमिनियमचा थर त्याहून उत्तम अडवतो, पण राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्रभर हादरे खाताना वारंवार दुमडून त्याला चिरा जातात. लांबच्या रस्त्याच्या प्रवासासाठी माझी पसंती ईव्हीओएचला आहे.

(दृश्य : एका कारखान्याचे स्टोअर. वजनकाट्यावर कापलेला फिल्मचा चौकोन.)

जाडीचा घोळ वेगळाच आहे. बाजारात कोणी गेज बोलतो, कोणी मायक्रॉन. शंभर गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन, तेव्हा ४०० गेजची पिशवी १०० मायक्रॉनची. बोलीत ठरलेली जाडी प्रत्यक्षात आहे का, हे पाहण्याची सोपी रीत मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पाहायला मिळाली. दांडिया बाजारात वाढलेले तिथले स्टोअर सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे काका म्हणतात, नव्या गठ्ठ्यातली एक पिशवी काढून तिचा एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा कापतात आणि काट्यावर ठेवतात. पॉलिथिलीनची घनता ०.९२ च्या आसपास असल्याने १०० मायक्रॉनच्या एका चौरस मीटरचे वजन सुमारे ९२ ग्रॅम भरायला हवे. काटा ७५ दाखवू लागला, की काका फोन उचलतात. ‘अहो, गठ्ठा परत घेऊन जा, पिशवी हलकी आहे,’ एवढेच ते सांगतात. अर्थात सरासरी जाडी बरोबर आली म्हणजे झाले असे नाही. पिशवी फाटते ती बहुधा सांध्यावर, म्हणून सांधा हाताने ओढून पाहावा. फिल्म ताणली जाऊन सांधा शाबूत राहिला तर तो नीट जुळला आहे. सांध्याची रेषाच सुटली तर तो कच्चा.

आकाराची निवड लोक घाईने करतात आणि पैसे तिथेच जातात. उशीसारखी सपाट पिशवी स्वस्त असते, पण चौकोनी टाकीत ती कोपऱ्यात चोळामोळा होऊन बसते. टाकीच्या मापाने शिवल्यासारखी बेतलेली चौकोनी पिशवी भिंतींना आणि कोपऱ्यांना चिकटून राहते. पाण्यासारखा पातळ माल असेल तर दोन्हींत फारसा फरक पडत नाही. एरंडेल तेलाच्या बाबतीत मात्र फरक पुष्कळ आहे. गुजरात हे देशातले एरंडीचे सर्वांत मोठे उत्पादक राज्य आहे आणि २५ अंश तापमानाला एरंडेल पाण्याच्या कित्येक शेकडा पट घट्ट असते, त्यामुळे ते प्रत्येक सुरकुतीत अडकते. हजार लिटरच्या टाकीत घड्यांमध्ये दहा लिटर राहिले तर तो एक टक्का माल झाला, आणि त्या दहा लिटरची किंमत काढली की सपाट पिशवी स्वस्त राहत नाही.

(दृश्य : टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह. पंपाचा होज जोडला जातो आहे.)

रिकामे करताना आणखी एक अडचण येते. पंपाने माल ओढला की पातळी खाली येते, पिशवी आकसते आणि तिचाच पदर व्हॉल्व्हच्या तोंडात शिरून वाट बंद करतो. कामगार मग वरून काठी घालून पिशवी ढोसतात, जे करू नये. बाहेर जाणाऱ्या तोंडाशी भोके पाडलेली नळी किंवा जाळी बसवलेली पिशवी मिळते. पंप असेल तर तीच घ्यावी. व्हॉल्व्हमधून बाहेर काढायच्या तोंडाचे गॅस्केट, म्हणजे जोडातली रबरी चकती, हीही पाहावी, कारण ईपीडीएम रबर पाण्यातल्या द्रावणांना चांगले असले तरी तेलात फुगते. तेलासाठी नायट्राइल किंवा व्हिटॉन रबर मागावे. पिशवी बसवण्याआधी टाकीत हात फिरवून एखादा प्लास्टिकचा टोकदार कपचा किंवा जुन्या झाकणाचा तुकडा राहिला नाही ना, हे पाहणे पिशवी बसवणाऱ्याच्या कामात धरावे. त्यानंतर पिशवीत हवा भरून ती भिंतीला लावून घ्यावी आणि मगच माल सोडावा.

ज्वलनशील द्रवांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पॉलिथिलीन वीज वाहून नेत नाही. पत्र्याच्या ड्रममध्ये साधी पिशवी घातली आणि तिच्यात टोल्युईन सोडले, तर वाहत्या द्रवात निर्माण झालेला स्थिर विद्युतभार ड्रमला जोडलेल्या अर्थिंगपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि टोल्युईनची वाफ अवघ्या ४ अंश तापमानालाही पेट घेऊ शकते. फिल्म फुगते हे कारण वर आलेच आहे. या दोन्ही कारणांनी अशा द्रावकांना साधा लायनर नको. भरणी करताना नळीचे टोक तळाशी ठेवावे आणि ते बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम लायनर असो वा नसो, पाळायचाच. धोकादायक मालाच्या प्लास्टिक आयबीसीला आणि ड्रमला निर्मितीपासून पाच वर्षांची मुदत असते. नवी पिशवी घातल्याने ती मुदत वाढत नाही.

(दृश्य : दशरथ येथील कंटेनर डेपो. वीस फुटी कंटेनरच्या आत पसरलेली मोठी पिशवी.)

हजार लिटरऐवजी वीस-बावीस हजार लिटर परदेशी पाठवायचे असतील तर वीस फुटी कंटेनरलाच पिशवी घालतात. तिला फ्लेक्सीटँक म्हणतात. १६,००० ते २४,००० लिटरपर्यंत तिचे आकार असतात. त्याच कंटेनरमध्ये दोनशे लिटरचे ऐंशी ड्रम, म्हणजे १६,००० लिटर माल मावतो, त्यामुळे निर्यातदाराचा ओढा फ्लेक्सीटँककडे का असतो हे समजते. तिचा आकार मालाच्या प्रमाणात घ्यावा लागतो. मोठ्या पिशवीत थोडा माल भरला तर तो आत डचमळतो आणि कंटेनरच्या भिंतींवर धक्के देतो. उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. खाद्यतेलाचे आकारमान दर अंशाला सुमारे ०.०७ टक्का वाढते, म्हणजे सकाळी २५ अंशांना भरलेले २२,००० लिटर तेल ४५ अंशांना पोहोचले की तीनशे लिटरहून अधिक फुगते. धोकादायक माल फ्लेक्सीटँकमध्ये जात नाही. आतला पृष्ठभाग खिळे आणि गंज यांसाठी तपासला नाही, तर एवढ्या मालाचे एका छिद्राने काय होते, ते सांगायला नको.

खाद्यतेल किंवा अर्क असेल तर पिशवीचे प्लास्टिक आयएस १०१४६ या भारतीय मानकाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र मागावे. प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण घटकांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे आणि ती आयएस ९८४५ च्या पद्धतीने तपासतात. येथे एक बारकावा सुटतो. तपासणी कोणत्या द्रवात केली ते प्रमाणपत्रावर लिहिलेले असते. तेलकट अन्नासाठी ती एन-हेप्टेन या द्रावकात झालेली हवी. नुसत्या पाण्यात घेतलेली चाचणी दाखवून तेलाची पिशवी विकणारे भेटतात.

रिकाम्या पिशवीचा खर्च बहुधा कोणी ऑर्डर देताना धरत नाही. धोकादायक रसायन लागलेले रिकामे पिंप, डबे आणि लायनर यांची गणना २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांतील पहिल्या अनुसूचीत ३३.१ या क्रमांकाखाली स्वतंत्रपणे केलेली आहे, तेव्हा अशी पिशवी भंगारवाल्याला देता येत नाही. ती नोंद करून अधिकृत ठिकाणीच द्यावी लागते, आणि तिथे वजनावर पैसे मोजावे लागतात. घड्यांत राहिलेल्या मालाचे वजनही त्यात येते. खाद्यतेलाची एकाच प्लास्टिकची पिशवी पुनर्वापरासाठी घेणारे मिळतात. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्यायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही, कारण थर वेगळे करणे अवघड असते.

काही ठिकाणी लायनर नकोच असतो. नंदेसरीहून हालोलच्या एकाच गिऱ्हाइकाकडे तोच माल आठवड्यागणिक जात असेल आणि रिकाम्या टाक्या परत येऊन पुन्हा त्याच मालाने भरल्या जात असतील, तर धुण्याची गरज मुळातच फारशी नसते, आणि दर फेरीला एक पिशवी घालून कचरा तेवढा वाढतो. अशा टाक्यांवर मालाचे नाव रंगवून घ्यावे, झाकणे आणि गॅस्केट वेळेवर बदलावीत आणि लायनरची ऑर्डर रद्द करावी.