पावटा कोणाचं ऐकत नाही

(दृश्य : बाल्कनीचं ग्रिल, हिरवंगार. आवाज मागून येतो.)

हा जो वेल दिसतोय ना, ग्रिलमधून बाहेर पडून वरच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांच्या दोरीला गुंडाळलेला, तो माझा. पावटा. मार्चमध्ये लावला होता, गावाहून आणलेलं बी, मोठ्या हौसेने. जूनपर्यंत त्याने अख्खी बाल्कनी खाल्ली, पानं अशी की तळहात झाकून जाईल, आणि शेंग? एक नाही. शेंग सोडा हो, फूलसुद्धा नाही. मग मी काय केलं, तर जे सगळे करतात तेच, खत घातलं. गांडूळखत घातलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून चमचाभर युरिया पण घातला, रोज सकाळ संध्याकाळ पाणी, आणि वेल अजून माजला. वरच्यांची दोन वेळा तक्रार आली, त्यांच्या टॉवेलला वेल चिकटला होता, बरोबरच आहे त्यांचं.

चतुर्थीला गावी गेलो तेव्हा आत्याला मोबाईलवर फोटो दाखवला. आत्या म्हणजे आमच्याकडची वेलांची डॉक्टर, वय पंच्याहत्तरच्या पुढे, अजून स्वतः मांडव बांधते. तिने चष्मा वर केला, फोटो बघितला आणि हसायलाच लागली.

"कधी लावलास?"

"मार्चमध्ये."

"मग आता दिवाळीची वाट बघ. आणि एवढं खायला घालू नकोस रे त्याला, जावयासारखा पोसलायस नुसता."

(दृश्य : एसटी स्टँड, मग नारळी पोफळीची वाडी, चिंचोळी वाट.)

तर हा व्हिडिओ त्यावरच आहे. आम्ही आलोय अलिबागच्या दक्षिणेला, नागावच्या पुढे रेवदंड्याच्या अलीकडे, आत्याच्या वाडीत. इकडे शेंगांच्या वेलांशिवाय घर नाही म्हटलं तरी चालेल. परसात मांडवावर पावटा, कुंपणावर अबई, बांधावर चवळी, आणि भात कापून झालं की शेतात कडवे वाल. वाल आणि पावटा ही एकाच घरातली भावंडं आहेत, एक खाली पसरतं, एक वर चढतं, शास्त्रात दोघांचं नाव एकच, लॅबलॅब पर्प्युरिअस.

आता मूळ मुद्दा. पावट्याला फूल कधी येतं हे आपण किती खत घालतो त्यावर नसतं, ते दिवस केवढा आहे त्यावर असतं. आपल्याकडे जूनच्या शेवटी दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकराच्या आसपास येतो. जुन्या गावठी जातीचा पावटा दिवस लहान व्हायची वाट बघत बसतो, खरं तर तो दिवस नाही रात्र मोजतो, रात्र पुरेशी लांब झाली की मगच कळी धरतो. तोपर्यंत तुम्ही त्याला काहीही द्या तो पानंच वाढवणार. म्हणून गावात पावटा पावसाच्या तोंडाला लावतात, पावसात वेल वाढतो, दसरा दिवाळीला फुलतो, थंडीत शेंगा. मी मार्चमध्ये लावून त्याला फुकटचे तीन महिने जास्त दिले, त्यात तो वरच्यांच्या टॉवेलपर्यंत पोचला, दुसरं काही नाही.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, १९७२ साली सुरू झालेलं आपलं कोकणचं विद्यापीठ, पावट्याची कोकण भूषण म्हणून एक जात काढलीय जी या दिवसरात्रीच्या भानगडीत पडत नाही, कधीही लावा. चवळीत तशी कोकण सदाबहार आहे. शहरात कुंडीत लावायचं असेल आणि धीर नसेल तर सरळ ही बियाणी घ्या. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, घे की, पण चव बघून मला सांग. ती काही आपलं बी सोडणार नाही.

(दृश्य : ओंजळीत पावट्याचं बी. मग माती.)

लावायचं कसं. बी एक पेरभर खोल, त्याच्या खाली नाही. पाण्यात रात्रभर भिजत ठेवू नका, वालाच्या बिरड्यासाठी, म्हणजे उसळीसाठी भिजवतो तसं नको, पेरायच्या बीला ओली माती पुरते, जास्त पाण्यात ते कुजतं. माती आमच्याकडे जांभ्याची लाल, पाणी धरत नाही आणि जरा आंबट असते, म्हणून आत्या आळ्यात जुनं शेणखत घालते आणि चुलीतली राख, मूठभर, ढीगभर नाही. कुंडी असेल तर बारा इंची तरी हवी आणि त्यात दोनच वेल ठेवायचे, तिसरा उपटायचा. हे उपटायला फार जड जातं, मला माहित्येय, उपटा.

चौथ्या पाचव्या दिवशी हे बघा.

(दृश्य : अगदी जवळून. माती तडकलेली.)

आधी माती तडकते. मग एक वाकलेली मान वर येते, पांढरट हिरवी, डोकं अजून मातीतच. पहिल्यांदा लावणाऱ्याला वाटतं अडकलंय बिचारं, आणि मग तो बोटाने माती उकरून डोकं बाहेर काढायला जातो. माझ्या पुतणीने केलं तसं, टचकन तुटलं, मग दिवसभर रडारड. ती मान वाकलेली असते ती मुद्दाम, दोन डाळी मागे ओढत आणायच्या असतात आणि मधला कोवळा कोंब मातीला घासू द्यायचा नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मान सरळ, डाळी उघडलेल्या, मधे पहिली दोन पानं घडी घातलेल्या रुमालासारखी.

याच वयात गोगलगायी येतात. कोकणातल्या पावसात ज्याने बी लावलं त्याला वेगळं सांगायला नको, रात्री दहा रोपं, सकाळी दहा काड्या. औषधबिषध काही नको, संध्याकाळी गोणपाट भिजवून वाफ्याच्या कडेला टाकून ठेवायचं, पहाटे उलटं करायचं, सगळी मंडळी खाली चिकटलेली असतात. मग बादलीत मिठाचं पाणी. मात्र ते मिठाचं पाणी वाफ्यात ओतू नका, आमच्याकडे एकाने ओतलंय, कोणी ते सांगत नाही.

मिठावरून आठवलं. शेंगवर्गाला खारं चालत नाही, फरसबीला तर अजिबातच नाही. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल मेमध्ये मचूळ होतं, ते घातलं की पानांच्या कडा आधी करपतात, विडीने चटका दिल्यासारख्या. लोकांना वाटतं रोग आलाय आणि फवारण्या सुरू होतात. आधी पाणी चाखून बघा.

(दृश्य : मांडव. आत्या जाळं ओढून बांधते आहे.)

मांडवाला बांबूच पाहिजे असं नाही. आत्याकडे कोळीवाड्यातून आणलेलं फाटकं मासेमारीचं जाळं आहे, होडीवर कामाचं राहिलं नाही की ते इकडे येतं. वेलाला धरायला ते सुतळीपेक्षा भारी, पावसात कुजत नाही. बाल्कनीत पण हेच करा. वेल चढताना एक गंमत बघा, वरून पाहिलं तर तो नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने गुंडाळतो. लहानपणी आम्ही मुद्दाम उलटा गुंडाळून ठेवायचो, सकाळी बघावं तर सोडवून घेऊन पुन्हा आपल्याच बाजूने. काडीला बांधून ठेवलं तर तेवढ्यापुरता ऐकतो.

आता ते उपाशी ठेवायचं प्रकरण. आत्याने एक चवळीचं रोप उपटून दाखवलं, बांधावर दाटी झालीच होती.

(दृश्य : मुळं, पाण्यात धुतलेली, हातावर.)

या मुळांना या गाठी दिसतायत, मोहरीएवढ्या, काही जरा मोठ्या. हा रोग नाही. यातली एक नखाने फोडली, आत गुलाबी, मांसासारखी. गुलाबी म्हणजे काम चालू आहे. त्यात रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं, दोघांचा जुना व्यवहार आहे. आपण वरून युरिया घातला की झाडाला आयतं मिळतं, मग ते कशाला यांना पोसेल, गाठी कमी धरतात, पानं माजतात आणि फुलं मागे पडतात. माझ्या बाल्कनीतलं गणित इथे पूर्ण झालं, चुकीचा महिना वर युरिया. गाठ फोडल्यावर आत पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं की काम बंद आहे. नव्या मातीत, विकतच्या कुंडीच्या मातीत, हे जिवाणू नसतातच बरेचदा, तेव्हा कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं पाकीट मिळतं, गुळाच्या पाण्यात कालवून बीला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. उन्हात वाळवलं तर जिवाणू मेले, पैसे गेले.

पाण्याचं पण तसंच आहे. वरची माती बोटाने कोरडी लागली की द्या, नाहीतर नाही. अपवाद एकच, फुलं आल्यावर मात्र ताण पडू द्यायचा नाही, फुलं गळतात.

फरसबीबद्दल सगळे विचारतात म्हणून पटकन सांगतो. किनाऱ्यावर ती फक्त थंडीची पाहुणी, नोव्हेंबरात लावा, पन्नास साठ दिवसांत शेंगा. मार्चच्या उकाड्यात फूल धरत नाही, हट्ट करू नका. उन्हाळ्यात चवळी लावा.

(दृश्य : शेंड्यावर काळा थर. मुंग्यांची रांग.)

ढगाळ हवा दोन तीन दिवस टिकली की हा आलाच. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे. शेंड्याला, कळ्यांना, शेंगेच्या देठाला, काळा चिकट थर. मुंग्या दिसल्या की खाली मावा आहे समजा, त्या त्याचा गोड चिकटा खायला येतात आणि वर त्याची राखण पण करतात. थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा किंवा अंगठ्याने पुसून काढा, किळस वाटते पण जातो. जास्त असेल तर निंबोळी अर्क, पाच टक्के, म्हणजे घरच्यासाठी पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून घ्यायच्या, आणि फवारणी संध्याकाळी, कारण सकाळी फुलांवर भुंगे असतात. पण फवारायच्या आधी नीट बघा, माव्यात एखादा काळसर, लांबट, नारिंगी ठिपक्यांचा प्राणी फिरताना दिसेल, चिमुकल्या मगरीसारखा. ते लेडीबर्ड या ठिपकेदार भुंगेऱ्याचं पिल्लू, माव्यावरच जगतं. मी दोन वर्षं ती वेचून मारत होतो. आत्याला कळल्यावर ती माझ्याशी अर्धा दिवस बोलली नाही.

(दृश्य : भात कापलेलं शेत, सकाळचं दव.)

वाडीच्या मागे शेतात वाल. इथे तर पाणी कोणी घालतच नाही. भात निघालं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर पेरणी, वर दवाचा काय तो आधार. जानेवारीत शेंगा भरतात. वाळलेल्या वालाचं बिरडं, म्हणजे रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक साल काढायचं, घरातले सगळे बसले तरच होतं हे काम. नुसती चव म्हणून नाही, वाळलेल्या वालात कडू, विषारी अंश असतो, भिजवून, पाणी टाकून, नीट शिजवूनच खायचे. राजमा तर कच्चा अजिबात नको, दहा मिनिटं खळाखळा उकळलाच पाहिजे.

शेंगा कोवळ्या असतानाच दर दोन तीन दिवसांनी तोडत राहा. वेलावर बी पिकायला लागलं की त्याला वाटतं झालं आपलं काम, नवीन फूल देणं कमी करतो. मग बियाण्याचं काय? त्यासाठी आत्या एक वेल निवडते, सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त धरलेला, त्याच्या पाच सहा जाड शेंगांना लाल चिंधी बांधून ठेवते. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही, घरातल्या पोरांना चालता येण्याआधी हे कळतं. त्या शेंगा वेलावरच वाळतात, हलवल्या की खुळखुळतात, मग बी काढून उन्हं देऊन राखेत कालवून बरणीत, राखेने भुंगा लागत नाही.

(दृश्य : रात्र, मोकळं शेत, पाला पेटलेला.)

शूटिंगचा शेवटचा दिवस म्हणजे पोपटी, मडक्यात भाजलेल्या शेंगांची मेजवानी. मडक्याच्या तळाला भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा, पाण्याचा थेंब नाही, तोंडाला पुन्हा भांबुर्डा गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या तासाने चुलतभावाने मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालं, झाली म्हणाला. कागदावर ओतली, सगळे तुटून पडले, शेंगा वाडीतल्या पण होत्या आणि शेतातल्या पण, संध्याकाळी अंधारात कोणी कोणी तोडून आणलेल्या. कॅमेरा चालू होता. आत्याने एक शेंग उचलली, दिव्यापुढे धरली, देठाला लाल चिंधी.

कोणीच काही बोलेना. पुतणी हळूच माझ्या मागे सरकली.

आत्याने चिंधी सोडली, झटकून कमरेला खोचली आणि शेंग सोलून खाल्ली. "मीठ बरोबर आहे," म्हणाली.