पोटावर दिसलेला उजेड

नमस्कार श्रोतेहो.

घरात कुणाला अर्धांगाचा झटका येतो किंवा तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, तेव्हा घरच्यांना मोठी काळजी पडते ती जेवणाची. घास गिळता येत नाही. पाणी पाजलं तर ठसका लागतो. मग नाकातून नळी घालतात. थोड्या दिवसांसाठी ती ठीक असते. पण महिना होत आला, तरी गिळणं सुधारत नसेल, तर डॉक्टर म्हणतात, "पोटाला नळी बसवू, दुर्बिणीतून." हे ऐकून घरचे घाबरतात. आता पोट फाडणार! नाही हो, पोट फाडत नाहीत. या नळीला पेग म्हणतात, आणि पोट फाडायला लागू नये म्हणूनच सर्जन मंडळींनी ती शोधून काढली.

त्याची गोष्ट मला फार आवडते, ती सांगतो.

साल १९७९. अमेरिकेतलं क्लीव्हलंड शहर. तिथल्या मुलांच्या इस्पितळात मायकेल गॉडरर नावाचे बालशल्यचिकित्सक होते. गिळता न येणारी तान्ही मुलं त्यांच्याकडे येत. तेव्हाचा उपाय एकच: पूर्ण भूल द्यायची, पोट उघडायचं, जठराला भोक पाडून नळी शिवायची. मूल आधीच अशक्त, त्यात भूल आणि जखम. गॉडररना हे खटकत होतं. त्याच इस्पितळात जेफ्री पॉन्स्की नावाचे सर्जन दुर्बिणीचं काम करत. त्या काळी दुर्बिणीला डोळा लावून आत बघावं लागे, म्हणून खोलीत अंधार करायचे. अशाच एका तपासणीत गॉडररना दिसलं, की बाळाच्या पोटाच्या कातडीवर आतून उजेड पडलाय. जठरात गेलेल्या दुर्बिणीचा दिवा बाहेरून दिसत होता!

दुर्बिणीतून हवा भरली की जठर फुगतं आणि पोटाच्या भिंतीला येऊन टेकतं. म्हणजे जिथे उजेड स्वच्छ दिसतो, तिथे कातडी आणि जठर यांच्यात आतडं नाही, यकृत नाही. मग तिथूनच सुई घातली तर?

१२ जून १९७९ला त्यांनी ते केलं, साडेचार महिन्यांच्या बाळावर. खास सामान असं काहीच नव्हतं. सलाइनची सुई, रेशमी टाक्याचा दोरा आणि टोकाशी रुंद कडा असलेली साधी रबरी नळी. उजेडाच्या जागी बारीक छेद देऊन सुई आत घातली. सुईतून दोरा सोडला. पॉन्स्कींनी दुर्बिणीतल्या तारेच्या फासाने तो आत पकडला आणि दुर्बिणीबरोबर तोंडातून बाहेर काढला. आता दोऱ्याचं एक टोक पोटावर, दुसरं तोंडाशी. तोंडाकडच्या टोकाला नळी बांधली आणि पोटाकडून दोरा ओढला. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात ना, तसंच. नळी घशातून, अन्ननलिकेतून जठरात उतरली आणि पोटावरच्या छेदातून बाहेर आली. रुंद कडा आत अडकून राहिली, त्यामुळे नळी निसटली नाही.

त्या दिवशी या दोघांसोबत तिसरे होते जेम्स बेकेनी, निवासी डॉक्टर. त्यांचं नाव मी मुद्दाम घेतो. आपल्याकडेही रात्र रात्र वॉर्ड सांभाळतात ते निवासी डॉक्टरच. त्यांच्या झोपेची आणि राहण्याची नीट सोय सरकारने केलीच पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

असो. मूळ पद्धत आजही तीच आहे. मोठ्या माणसांना बहुतेक वेळा गुंगीचं औषध आणि त्या जागेपुरती भूल पुरते. पोटात पाणी साठलेलं असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर मात्र आधी विचार करावा लागतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आधी सांगा. पुढे गिळणं सुधारलं, की नळी काढताही येते.

घरी काय करायचं? रुग्णाला आडवं ठेवून भरवू नका. डोक्याकडची बाजू उंच करा आणि भरवल्यावरही निदान अर्धा तास तसंच बसवून ठेवा. पुन्हा सांगतो, आडवं ठेवून भरवू नका. पेज असो, वरणाचं पाणी असो, नाचणीची आंबील असो, गाळूनच द्या. भरवण्याआधी आणि नंतर नळीतून पाणी सोडा, नाहीतर ती चोंदते. प्रत्येक गोळी कुटून चालत नाही, तेव्हा आधी विचारा. नळीभोवतीची कातडी साबण-पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. आणि हे सगळं एकट्या सुनेच्या गळ्यात टाकू नका. इस्पितळात शिकवतात तेव्हा घरातल्या मुलाने, नवऱ्याने पुढे उभं राहून शिकून घ्यावं. नळीतून पाणी सोडायला पुरुषाचे हातही चालतात.

शेवटची गोष्ट, आणि ही नक्की लक्षात ठेवा. नळी निसटून बाहेर आली, तर सकाळची वाट बघू नका. ते भोक काही तासांतच मिटायला लागतं. नळी नुकतीच बसवलेली असेल तर घरी ती परत आत ढकलू नका, तोंडाने किंवा पोटातून काही देऊ नका. वर स्वच्छ कापड ठेवा, निघालेली नळी सोबत घ्या आणि रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इस्पितळात जा.