हद्द कुणाची?

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेच्या कायद्यात 'इंडियन' हा शब्द जागोजागी येतो, आणि तो आपल्यासाठी नसतो. कोल्हापूरहून गेलेला माणूस ॲरिझोनात नवाहो जमातीच्या मुलखातून गाडी चालवत असेल, तर त्या कायद्याच्या लेखी तो 'नॉन-इंडियन'. ऐकायला गंमत वाटते. पण त्याला कुणी अटक करायची आणि कुठल्या कोर्टात उभं करायचं, हे बऱ्याच अंशी याच एका शब्दावर ठरतं. अमेरिकेच्या ग्रामीण भागात एकाच जमिनीवर काउंटी आणि आदिवासी जमात अशी दोन सरकारं कशी नांदतात, कुठे अडतात आणि अडलेलं कसं सोडवतात, ते आज पाहू.

आधी दोन शब्द. रिझर्व्हेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आरक्षण येतं, नाहीतर रेल्वेची खिडकी. तिथे मात्र रिझर्व्हेशन म्हणजे जमातीसाठी राखलेला मुलूख. आणि काउंटी म्हणजे राज्य सरकारचा खालचा घटक. मालमत्ता कर, गावरस्ते, तुरुंग ही तिची कामं. तिचा पोलीसप्रमुख शेरीफ. तो मतदान होऊन निवडून येतो, बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी.

जमात मात्र राज्याचा घटक नाही. तिची सत्ता अमेरिकेच्या राज्यघटनेच्याही आधीची, आणि तिचा व्यवहार थेट केंद्र सरकारशी. चेरोकी मुलखात जॉर्जिया राज्याचे कायदे चालत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं १८३२ मध्येच सांगितलं होतं. आज केंद्राची मान्यता असलेल्या जमाती पावणेसहाशेच्या आसपास आहेत. त्यांपैकी अनेकांचे स्वतःचे पोलीस आहेत, स्वतःची कोर्टं आहेत. आपल्याकडच्या पेसा कायद्यातली ग्रामसभा डोळ्यांसमोर ठेवून हे समजून घ्यायला गेलं तर फसगत होते. ग्रामसभेला गौण वनोपजावर, जमिनीवर बोलता येतं, पण तिच्याकडे पोलीस ठाणं नसतं.

गुंत्याचं मूळ १८८७ सालच्या डॉज कायद्यात आहे. जमातीची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखाला १६० एकर, असे तुकडे पाडले. उरलेली जमीन 'जादा' ठरवून गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी मोकळी केली. १८८७ मध्ये जमातींकडे सुमारे १३.८ कोटी एकर जमीन होती; १९३४ मध्ये हे थांबलं तेव्हा उरली ४.८ कोटी. रिझर्व्हेशनची बाहेरची रेघ पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली, पण आतला भाग बुद्धिबळाच्या पटासारखा झाला. एक तुकडा केंद्र सरकारनं जमातीच्या वतीनं सांभाळलेला, म्हणजे ट्रस्टचा. त्याला लागून कुणा गोऱ्या शेतकऱ्याच्या खासगी मालकीचा. त्यापलीकडे जमातीच्याच माणसाचा, पण ट्रस्टमधून बाहेर पडलेला.

आता इथे नवखे लोक हमखास चुकतात. त्यांना वाटतं, ज्याची जमीन त्याची हद्द. करासाठी आणि घरबांधणीच्या परवान्यासाठी हे बरंचसं खरं आहे. गुन्ह्यासाठी नाही. १९४८ सालच्या केंद्रीय व्याख्येप्रमाणे रिझर्व्हेशनच्या रेघेच्या आतली सगळी जमीन 'इंडियन कंट्री', मग ती कुणाच्याही नावावर असो. आतून जाणारे रस्तेसुद्धा. म्हणजे कचेरीच्या भिंतीवर नकाशे दोन हवेत, एक गुन्ह्यांचा आणि एक करांचा. एकच टांगला की गोंधळ ठरलेला.

नेब्रास्कातल्या थर्स्टन काउंटीचं उदाहरण बघा. ही काउंटी जवळजवळ सगळीच ओमाहा आणि विनेबागो या दोन जमातींच्या रिझर्व्हेशनमध्ये येते. १८८२ मध्ये रेल्वेमार्गाच्या पश्चिमेची ओमाहांची सुमारे ५० हजार एकर जमीन विकायला काढली आणि तिथे पेंडर हे गाव वसलं. तिथे ओमाहा माणूस क्वचितच दिसे. सव्वाशे वर्षांनी जमातीनं पेंडरमधल्या दारूविक्रीवर १० टक्के कर लावायचं ठरवलं, तेव्हा गावकरी कोर्टात गेले: आम्ही रिझर्व्हेशनमध्ये आहोतच कुठे? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, आहात. जमीन विकली म्हणून सीमा पुसली जात नाही. ती पुसायची तर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, तसं स्पष्ट म्हणावं लागतं. कर वसूल करता येईल का, हा प्रश्न मात्र कोर्टानं उघडाच ठेवला.

आता रात्रीचा एक फोन धरून चालू. रिझर्व्हेशनवरच्या एका घरात मारहाण झाली आहे. फोन बहुधा काउंटीच्या कंट्रोल रूमला लागतो. घराला धड पत्ता नसतो; पाण्याच्या टाकीपुढे तिसरा कच्चा रस्ता, ही खूण. सगळ्यात जवळ असेल ती गाडी निघते, शेरीफची असो वा जमातीच्या पोलिसांची. मारहाण थांबवणं, जखमीला हलवणं याला हद्द आड येत नाही. ती येते हातकडीपाशी. तेव्हा चार प्रश्न विचारावे लागतात: जागा इंडियन कंट्रीत आहे का? संशयित इंडियन आहे का? ज्याला मार बसला तो इंडियन आहे का? आणि गुन्हा कोणता?

संशयित आणि पीडित दोघेही नॉन-इंडियन असतील तर प्रकरण राज्याचं, म्हणजे शेरीफचं; हे १८८१ पासून ठरलेलं आहे. संशयित इंडियन असेल तर सहसा राज्याचा संबंध संपतो. किरकोळ गुन्हा जमातीच्या कोर्टात जातो. खून, बलात्कार, जाळपोळ असा गंभीर असेल तर केंद्राकडे, म्हणजे एफबीआय आणि केंद्रीय वकिलाकडे. हा गंभीर गुन्ह्यांचा कायदा १८८५ चा, आणि त्यामागे एक खून आहे. क्रो डॉग नावाच्या लाकोटा माणसानं स्पॉटेड टेल या सरदाराला मारलं. जमातीनं आपल्या रीतीनं निवाडा केला: मृताच्या घरच्यांना ६०० डॉलर, आठ घोडे आणि एक घोंगडी. केंद्रानं तरीही त्याला फाशी सुनावली. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं, कारण जमातीतल्या आपसातल्या गुन्ह्यावर केंद्राचा अधिकारच नव्हता. दोन वर्षांत काँग्रेसनं कायदा करून तो अधिकार घेतला.

संशयित नॉन-इंडियन आणि पीडित इंडियन असेल तर सगळ्यात अवघड. १९७८ च्या ओलिफंट निकालानं जमातीच्या कोर्टाला नॉन-इंडियनवर फौजदारी खटला चालवायला मनाई केली. केंद्रीय वकील दूरच्या शहरात. लहानसहान मारहाणीसाठी तो फाईल उघडेलच असं नाही. बायकोला मारणारा नवरा यात वर्षानुवर्षं सुटत राहिला. २०१३ मध्ये घरगुती हिंसेपुरता हा अधिकार जमातींना परत मिळाला. २०२२ मध्ये त्यात लैंगिक हिंसा, पाठलाग, मुलांवरची हिंसा आणि जमातीच्या पोलिसांवरचे हल्लेही आले. अर्थात अटी आहेत. आरोपीला वकील द्यायचा, कायदा शिकलेला न्यायाधीश हवा, ज्यूरी निवडताना नॉन-इंडियन वगळायचे नाहीत. खर्चाचं काम आहे, म्हणून लहान जमाती मागे राहतात. नॉन-इंडियननं इंडियनविरुद्ध केलेल्या गुन्ह्यांत राज्यालाही खटला चालवता येतो, असं २०२२ च्या कॅस्ट्रो-हुएर्टा निकालानं ठरवलं, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. जमातींना तो निकाल अजून टोचतो, आणि टोचण्यासारखाच आहे.

पण मुळात तो माणूस इंडियन आहे की नाही, हे रात्री एक वाजता रस्त्यावर ओळखायचं कसं? चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. बहुतेक वेळा जमातीच्या नोंदवहीत नाव पाहावं लागतं, आणि ती कचेरी सकाळी उघडते. मोंटाना राज्यात क्रो जमातीच्या रिझर्व्हेशनमधून २१२ नंबरचा महामार्ग जातो. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथे मध्यरात्री कडेला थांबलेला एक ट्रक क्रो पोलिसाला दिसला. मदत हवी का विचारायला तो गेला. आतल्या माणसाचे डोळे लाल, शेजारच्या सीटवर दोन रायफली. पुढे अमली पदार्थही सापडले. खालच्या कोर्टांनी पुरावा फेटाळला. तो माणूस नॉन-इंडियन दिसत होता, मग जमातीच्या पोलिसानं त्याला अडकवून का ठेवलं? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य मतांनी ते उलटवलं. जमातीचा पोलीस सार्वजनिक रस्त्यावर नॉन-इंडियनला थांबवू शकतो, झडती घेऊ शकतो, आणि योग्य यंत्रणा येईपर्यंत धरून ठेवू शकतो. आता ती यंत्रणा यायला दोन तास लागले, तर ते दोन तास रस्त्याकडेलाच काढायचे.

काही राज्यांत चित्र वेगळं आहे. १९५३ च्या पब्लिक लॉ २८० नं कॅलिफोर्निया, मिनेसोटा, नेब्रास्का, ऑरेगन, विस्कॉन्सिन आणि पुढे अलास्का या राज्यांना रिझर्व्हेशनवरचा फौजदारी अधिकार देऊन टाकला. दोन-चार जमाती तेवढ्या वगळल्या. अधिकार दिला, पैसे दिले नाहीत. ट्रस्टच्या जमिनीवर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही, आणि गस्त मात्र तिथेही घालायची. मग डेप्युटी, म्हणजे शेरीफच्या हाताखालचा पोलीस, उशिरा येतो. जमात म्हणते तुम्ही आमच्याकडे लक्ष देत नाही, काउंटी म्हणते आमच्याकडे माणसं नाहीत. दोन्ही खरं असतं. राज्याला हा अधिकार केंद्राला परत करता येतो. नेब्रास्कानं ओमाहांपुरता १९७० मध्ये केला आणि विनेबागोंपुरता १९८६ मध्ये. मधली सोळा वर्षं एकाच थर्स्टन काउंटीत दोन नियम होते.

या सगळ्यावर तोडगा म्हणजे लेखी करार. इंग्रजीत त्याला क्रॉस-डेप्युटायझेशन म्हणतात. म्हणजे दोन्हीकडच्या पोलिसांना एकमेकांचे अधिकार. डेप्युटीला जमातीची सनद, जमातीच्या पोलिसाला काउंटीची, आणि दोघांना जमलं तर केंद्राची. केंद्राच्या सनदेसाठी इंडियन कंट्रीतल्या अधिकारक्षेत्रावरचा अभ्यासक्रम करून परीक्षा द्यावी लागते. ती मिळाली की थांबवलेला माणूस कोण, हे नंतर ठरलं तरी अटक टिकते. डेप्युटीच्या गाडीत मग चलनाची दोन पुस्तकं असतात, एक राज्याच्या कोर्टाचं, एक जमातीच्या.

असे करार तत्त्वांवर क्वचितच मोडतात. मोडतात ते विम्यावर. डेप्युटीनं जमातीच्या सनदेवर अटक केली, झटापटीत कुणाचा हात मोडला. भरपाई कुणी द्यायची? जमातीवर तिच्या संमतीशिवाय दावा लावता येत नाही, त्यामुळे काउंटीचा वकील म्हणतो ते कवच सोडा. जमात म्हणते सार्वभौमत्व आम्ही सोडणार नाही. चालणारी वाट ही, की विमा पॉलिसीच्या रकमेपुरतंच कवच बाजूला ठेवायचं, आणि ती रक्कम करारात आकड्यात लिहायची. दुसरी अडचण प्रशिक्षणाची. जमातीचा पोलीस न्यू मेक्सिकोतल्या आर्टेसियाच्या केंद्रीय अकादमीतून तयार झालेला असला, तरी राज्य त्याचं प्रमाणपत्र मानेलच असं नाही; फरकाचे तास कोण भरून देणार, तेही लिहावं. जमातीचा कैदी काउंटीच्या तुरुंगात ठेवायचा दर रोजचा ठरवतात, आणि कैद्याच्या औषधोपचाराचा खर्च लिहायचा विसरतात. एका ऑपरेशनच्या बिलानं वर्षाचा हिशेब कोलमडतो.

संरक्षण आदेशांचंही असंच. जमातीच्या कोर्टानं नवऱ्याला घरापासून दूर राहायचा आदेश दिला तर तो काउंटीनं मानायलाच हवा, केंद्रीय कायदा तसं सांगतो. पण आदेश संगणकात चढलेला नसेल तर रात्री दोनला डेप्युटीला तो दिसत नाही. जमातींना केंद्राच्या गुन्हे-नोंदणीत थेट माहिती भरता यावी, म्हणून न्याय खात्यानं २०१५ मध्ये योजना सुरू केली. तरीही आदेश निघाल्याबरोबर तो कुणी भरायचा, त्याचं नाव-पद करारात हवंच.

आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे निवडणूक. जुना शेरीफ जमातीच्या प्रमुखाशी हातमिळवणी करून काम चालवतो, नवा येऊन सनदा काढून घेतो. म्हणून करारावर एकट्या शेरीफची सही पुरत नाही. काउंटीच्या आयुक्त मंडळाचा, म्हणजे तिच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाचा, आणि जमातीच्या कौन्सिलचा ठराव हवा, आणि रद्द करायला मुदतीची नोटीस. १९२४ पासून जमातींची माणसं अमेरिकेची नागरिक आहेत, शेरीफला मतंही देतात. युटातल्या सॅन वॉन काउंटीत मतदारसंघ कोर्टाच्या आदेशानं नव्यानं आखल्यावर २०१८ मध्ये पहिल्यांदा आयुक्त मंडळावर नवाहोंचं बहुमत आलं.

बाकी थोडक्यात. जमातीनं खासगी जमीन बाजारातून परत विकत घेतली, तरी ती ट्रस्टमध्ये जाईपर्यंत काउंटी कर लावते. १९९८ चा निकाल तसा आहे. बांधकामाच्या नियमांत वॉशिंग्टन राज्यातल्या याकामा रिझर्व्हेशनवर कोर्टानं १९८९ मध्ये दोन भाग केले: जंगलाच्या बंद भागात जमातीचे नियम, आणि जिथे निम्म्याच्या आसपास जमीन खासगी झालेली, तिथे त्या खासगी तुकड्यांवर काउंटीचे. राज्याच्या महामार्गावर दोन नॉन-इंडियनांच्या गाड्या धडकल्या तर भरपाईचा दावा जमातीच्या कोर्टात चालत नाही. तोच रस्ता गुन्ह्यासाठी मात्र इंडियन कंट्री.

जाता जाता नवाहोंकडे परत. त्यांची राजधानी विंडो रॉक ॲरिझोनाच्या अपाची काउंटीत आहे, आणि काउंटीची कचेरी सेंट जॉन्सला. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाही; नवाहो करतात, कारण त्यांचा मुलूख न्यू मेक्सिको आणि युटातही आहे. त्यांच्या मधोमध राहणारे होपी पुन्हा करत नाहीत. म्हणून जुलैत बैठक ठरवताना नुसतं 'दहा वाजता' लिहून भागत नाही. विंडो रॉकचे दहा की सेंट जॉन्सचे, हे नोटिशीत घालावं लागतं.