तिसऱ्या तारेचं काम

(नागपुरात आयटीआयचे विद्यार्थी, निदेशक आणि वायरिंगची कामं करणारे वीजतंत्री यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना मी पिशवीत एक थ्री-पिन टॉप, म्हणजे प्लग, घेऊन आलो आहे. कूलरचा आहे. मागच्या रांगांना इथून दिसणार नाही, तेव्हा पुढच्यांनी पाहून मागे पाठवा. दोन स्क्रू काढले की झाकण निघतं. आत लाल तार एका पिनेला, काळी दुसरीला. आणि वरच्या जाड पिनेला? काहीच नाही. हिरवी तार, म्हणजे बिघाडातला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची तार, केबलच्या तोंडाशीच कटरनं उडवलेली आहे. बरं, काम गबाळं नाही हं. दोन्ही तारा मापात सोलल्यात, स्क्रू नीट आवळलेत, तांब्याचा एक केस बाहेर आलेला नाही. हात तयार आहे माणसाचा. फक्त तिसऱ्या तारेचं काय करायचं ते त्याला कळलं नाही.

हा टॉप माझ्या घरच्या कूलरचा आहे. (हशा) हसा. ज्यानं आयटीआयमध्ये निदेशक म्हणून पोरांना वर्षानुवर्षं अर्थिंग शिकवलं, त्याच्या घरचा आहे. बायको दोन उन्हाळे सांगत होती, "अहो, कूलरला हात लावला की झिणझिण्या येऊन राहिल्या." मी काय उत्तर दिलं असेल? नागपुरातला कोणताही नवरा देतो तेच. "चपला घालून पाणी भरत जा."

तार कोणी कापली याचा शोध घ्यायची मला सोयच नव्हती. टॉप बदलला तेव्हा मी तिथंच उभा होतो, चहाचा कप हातात घेऊन. त्यानं टॉप खोचला, बटण दाबलं, पंखा फिरला, पंप चालला, वाळ्याच्या ताट्या भिजल्या. मी पैसे दिले. कूलर चालू झाला ना, मग काम झालं! त्यालाही तसंच वाटलं, मलाही तसंच वाटलं. आज मला बोलायचं आहे ते एवढ्याच गोष्टीवर. आपण चालू करायला शिकवतो, तपासायला शिकवत नाही. आणि विजेच्या कामाची पंचाईत अशी की ते अर्धं केलं तरी पूर्ण चालतं. सुतारानं खुर्चीचा एक पाय बसवला नाही तर खुर्ची लगेच सांगते. कूलर दोन तारांवर दहा वर्षं थंड हवा देतो.

आता हा कूलर जरा जवळून पाहू. पत्र्याची पेटी, तळाला पाणी, पाण्यात पंप, ओल्या हवेत मोटर, आणि समोर ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं माणूस. शॉक बसायला याहून सोयीची मांडणी कोणी मुद्दाम केली असती तरी जमली नसती. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन कुठं तरी गेलं की फेज, म्हणजे जिवंत तारेतली वीज, पत्र्यावर येतो. ओल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण हजार ओहम धरा. 230 व्होल्ट भागिले हजार, म्हणजे 230 मिलिअँपिअर. पंधरा-वीस मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि माणसाला पकड सोडवता येत नाही. पुढे छातीतून तीसच्या वर गेला की हृदयाच्या ठोक्यांचा प्रश्न येतो. इथं तर 230.

"सर, पण अर्थिंग असली की एमसीबी पडते ना?" एमसीबी म्हणजे करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि पुस्तकात उत्तर 'होय' आहे. नागपूरच्या मे महिन्यात मात्र ते उत्तर तपासून घ्यावं लागतं. आपली माती काळी. पावसाळ्यात लोण्यासारखी, उन्हाळ्यात भेगा अशा की लहान पोराचा पाय जाईल. अर्थिंगची तार जिथं जमिनीत उतरते त्या खड्ड्यात मीठ-कोळसा कधी काळी टाकलेला, वरून पाणी घालायचं कोणाच्या लक्षात नाही. पावसाळ्यात 5 ओहम विरोध दाखवणारा खड्डा मे महिन्यात 40 वर गेला तर मला नवल वाटणार नाही. म्हणजे ज्या महिन्यात कूलर चोवीस तास चालतो, नेमक्या त्याच महिन्यात खड्डा कोरडा पडतो.

आता हिशेब करा. घराची अर्थिंग स्वतःच्याच खड्ड्यावर आहे, खड्डा 40 ओहमचा. 230 भागिले 40, पावणेसहा अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडच्या अर्थचे ओहम धरले तर आणखी कमी. तुमची एमसीबी 16 अँपिअरची. तिच्या दृष्टीनं हा एखादा गिझरही नाही. ती पडणारच नाही. आणि कूलरच्या पत्र्यावर दोनशेच्या वर व्होल्ट आरामात बसून राहतील, तिसरी तार जोडलेली असूनसुद्धा! खड्डा उत्तम असला तरी सी टाईपची 16 ची एमसीबी झटक्यात पडायला किमान 80 अँपिअर लागतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे. माणूस जगावा म्हणून आरसीसीबी आहे.

आरसीसीबीचं तत्त्व सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत यायला हवा. एका कड्यातून दोन्ही तारा जातात, तिथं बेरीज शून्य. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत सप्लाय तुटतो, फरक मोठा असेल तर त्याहून बराच लवकर. तिला खड्डा 40 ओहमचा आहे की 5 चा, याची फारशी फिकीर नाही. पण मग पावसाळ्यात ग्राहकाचा फोन येतो. "दादा, लाईट सारखी जाऊन राहिली." दादा जातो, पाहतो, आरसीसीबी पडते आहे. ती काढतो, तारा सरळ जोडतो. लाईट जायची थांबते. ग्राहक खूश, दादा खूश. तिनं दोष दाखवला आणि आपण तिलाच घराबाहेर काढलं.

हे त्या दादाच्या आळसामुळे होतं असं मी म्हणणार नाही. त्याला दोष शोधायला कोणी शिकवलंच नाही. आणि इथं मी आमच्या संस्थांकडे वळतो.

देशात कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून आहे. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतर. अभ्यासक्रमात काय नाही? अर्थिंग आहे, इन्सुलेशन मोजायचा मेगर आहे, खड्ड्याचे ओहम मोजायचा अर्थ टेस्टर आहे, मोटर रिवाइंडिंग आहे, आता सौरऊर्जाही आली. कागदावर मला तक्रारीला जागा नाही. पण तुम्ही लाकडी बोर्डावर काय करता ते आठवा. जिना वायरिंग, गोदाम वायरिंग, टनेल वायरिंग. मग तारा जोडायचे मॅरेड जॉइंट, ब्रिटानिया जॉइंट. ब्रिटानिया जॉइंट मी स्वतः शेकडो पोरांकडून घोटून घेतला; घरच्या वायरिंगमध्ये तो मारायची वेळ आलेला एकही पोट्टा मला अजून भेटलेला नाही. असो, हाताला वळण लागतं. मुद्दा असा की हा प्रत्येक जॉब नव्या तारांचा, कोऱ्या बोर्डाचा. दिवा लागला की निदेशक सही करतो. विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन वर्षं एकच समीकरण बसतं: दिवा लागला, सही मिळाली. थिअरीची परीक्षा आता संगणकावर, चार पर्यायांची. 'मेगर कशासाठी वापरतात?' बरोबर पर्यायावर क्लिक. मेगरचं हँडल फिरवताना काटा थरथरत एक मेगओहमच्या खाली थांबला की पोटात जे होतं, ते क्लिक करून कसं होणार? वीस पोरं आणि मेगर दोन, त्यातला एक कपाटात, कारण मोडला तर भरून कोण देणार.

शेवटच्या काही वर्षांत मी एक उद्योग सुरू केला. पोरं घरी गेली की तयार झालेल्या जॉबमध्ये मी एक खोडी करून ठेवायचो. कधी टर्मिनलमध्ये तार इन्सुलेशनवर आवळायची, कधी पाईपच्या तोंडाशी तार किंचित खरवडायची. सकाळी सांगायचं, काल चालत होतं, आज नाही, शोधा. पहिल्या आठवड्यात सगळे टेस्टर घेऊन धावायचे. टेस्टरचा दिवा लागला की म्हणायचे, "सर, फेज तर येऊन राह्यला!" फेज येतोय म्हणजे अर्धी गोष्ट. सीरिज लॅम्प, म्हणजे चाचणीचा दिवा, लावून पाहा, लोडवर व्होल्टेज टिकतं का ते सांगा.

एक खोडी मला फार आवडायची. जिना वायरिंगचा जॉब घ्यायचा, खाली एक आरसीसीबी, वर एक आरसीसीबी, दोन मजले समजा. दिव्याला फेज खालच्या मजल्यावरून द्यायचा आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून. उसना न्यूट्रल! दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी धपकन पडतात, कारण खालून गेलेला करंट खाली परत येत नाही, आणि वर न गेलेला करंट वर परत येतो. सगळी इन्सुलेशन ठणठणीत, लीकेज काहीच नाही. त्या वर्षी पोरांनी आधी दिवा बदलला, मग स्विच, मग दोन्ही आरसीसीबी. एका मुलीनं, वर्गात दोघीच होत्या, कशालाच हात लावला नाही. ती तासभर वहीत रेघा ओढत बसली. मग तिनं वरच्या मजल्याचा न्यूट्रल लिंकवरून सोडवला, खालून एक तात्पुरती काळी तार आणून होल्डरला जोडली आणि दिवा लावला. काहीच पडलं नाही. ती म्हणाली, "सर, हा न्यूट्रल याच्या घरचा नव्हता." तुम्ही दुमजली घरांत जाता तिथं जिन्याच्या दिव्याला हेच सापडेल, आणि तिथंच आरसीसीबी 'खराब निघाली' म्हणून काढलेली असेल. जिना वायरिंग प्रत्येकाला येतं. जिन्याच्या दिव्यानं आरसीसीबी का पडते, ते शिकवायला मात्र वेळापत्रकात तास नाही.

अल्प मुदतीच्या कोर्सांवर लोक फार चिडतात. काही शे तासांत कसला वीजतंत्री होतो, म्हणतात. मला ते कोर्स हेल्पर घडवायला बरे वाटतात. पाईप टाकणं, बोर्ड बसवणं यात पोरगा रोजगाराला लागतो. गडबड पुढे होते. तो दोन वर्षांत स्वतःच ठेके घेतो आणि मध्ये त्याला कोणी काही शिकवत नाही. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे, कल्पना चांगली होती: वर्षभर जाणत्याच्या हाताखाली. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका कारखान्यात ते वर्ष शिडी धरण्यात काढलं. शिडी छान धरतो आता.

परवान्याबद्दल थोडक्यात. तारतंत्रीचा परवाना काढा. सही परवानेवाल्याची आणि हात भलत्याचेच, हा प्रकार आपल्या धंद्यात किती चालतो ते तुम्ही जाणता, मी जाणतो. टेस्ट रिपोर्टवर आकडे लिहिलेले असतात आणि मेगर पिशवीतून निघालेला नसतो.

पण पैशाचं बोलल्याशिवाय हे सगळं वाऱ्यावर जाईल. तुम्हाला पैसे मिळतात पॉइंटवर. इतके लाईट पॉइंट, इतके पॉवर पॉइंट, गुणिले भाव. खड्ड्याचं मोजमाप पॉइंटमध्ये येत नाही. मेगर फिरवण्यात गेलेला अर्धा तास पॉइंटमध्ये येत नाही. मग तो अर्धा तास कोण काढेल? सक्करदऱ्याकडे काम करणारा एक वीजतंत्री बिलात शेवटी एक ओळ वेगळी लिहितो, 'तपासणी', आणि तिचे पैसे लावतो. काम झालं की डीबीच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीच्या, झाकणाच्या आतल्या बाजूला स्केचपेननं तारीख, इन्सुलेशनचं रीडिंग आणि 'आरसीसीबी बटण दाबून पाहिली' असं लिहून ठेवतो. सुरुवातीला लोक घासाघीस करायचे. आता बाया शेजारणीला झाकण उघडून दाखवतात.

उन्हाचा आणखी एक खेळ. एमसीबीचं रेटिंग 30 अंशांना धरलेलं असतं. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीवरची डीबी दुपारी चारला हात लावून पाहा. एमसीबी आधीच तापलेली, म्हणून लवकर पडते. मग घरमालक म्हणतो, मोठी टाका. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर 32 अँपिअरची एमसीबी मी स्वतः पाहिली आहे, एकदा नाही, कितीदा तरी. त्यापेक्षा डीबी सावलीच्या भिंतीवर घ्या, किंवा लोड वाटून द्या.

आणि आता छतावर सोलर. 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून आपल्या गल्लीतही पॅनेलं दिसू लागली. एसीवर, म्हणजे घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर, हात बसलेल्या माणसाला डीसी, म्हणजे पॅनेलचा एकाच दिशेचा करंट, फसवतो. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. दहा पॅनेलं एका ओळीत जोडली की चारशे व्होल्टच्या आसपास जातात, आणि लोडवर असताना कनेक्टर ओढला तर ठिणगी लांबत जाते, प्लास्टिक वितळतं. शिवाय मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडच्या तारा जिवंतच. नागपूरचं ऊन कोणत्या स्विचनं बंद करणार?

बोलणं पुरे. मागे भिंतीला चार बोर्ड लावले आहेत, चारही चालू आहेत, दिवे लागलेले दिसतात. प्रत्येकात काल रात्री मी एक खोडी करून ठेवली आहे. मेगर दोन आणले आहेत, अर्थ टेस्टर एक. सप्लाय पाडून मगच झाकण काढा, आणि उलट्या हातानं चाचपून पाहणाऱ्यांनी आज तेवढं खिशात हात ठेवावेत. तो टॉप कोणाकडे पोचला? हं, तिथंच राहू द्या. चौथ्या बोर्डाला लागणार आहे.