पाच वाजता आलेल्या मजुराची मजुरी

सलाम, बंधुभगिनींनो.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या, या संध्याकाळी ‘रोजच्या जगण्यातली देवाची कृपा’ या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. कृपेचा विषय निघाला की आपल्याकडे मोठाल्या प्रसंगांच्या साक्षी सुरू होतात. कोणी अपघातातून वाचलं, कोणाचं ऑपरेशन टळलं, कोणाच्या मुलाला नोकरी लागली. साक्षी खऱ्या असतात, त्या द्यायलाच हव्यात. पण त्या ऐकताना मागच्या बाकावरची एखादी बाई मनात म्हणते, आमच्या घरी तर असलं काहीच घडलं नाही. नवऱ्याचा मधुमेह आहे तसाच आहे, सुनेशी धुसफूस आहे तशीच आहे. मग आमच्यावर कृपा नाही का? मला आज त्या बाईशी बोलायचं आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला, येशूने गोष्टीतून सांगितलेला दाखला घेऊ. द्राक्षमळ्याचा मालक भल्या पहाटे मजूर आणायला बाहेर पडतो. दिवसाची एक दीनार मजुरी ठरते. मग तो पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. शेवटी पाच वाजता, दिवस मावळायला तासभर उरला असताना जातो, आणि तेव्हाही काही माणसं तिथे उभीच असतात.

तुमच्यातल्या पुष्कळांना हे डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. नाशिक, निफाड, दिंडोरीकडे याच दिवसांत द्राक्षतोडणी चालू असते. सकाळी मजूर अड्ड्यावर पेठ-सुरगाण्याकडची माणसं डबा घेऊन उभी असतात. गाडी येते, मुकादम धडधाकट गडी बघून घेतो, गाडी जाते. मागे कोण राहतं? म्हातारा, लंगडणारा, रात्रभर तापाच्या पोराजवळ बसून उशिरा पोचलेली बाई. दाखल्यात मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? उत्तर एका ओळीचं आहे: आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. त्यांना आळशी म्हणणारी प्रवचनं मी ऐकली आहेत. मला ते पटत नाही. आळशी माणूस पाचपर्यंत अड्ड्यावर उभा राहत नाही, तो दहालाच घरी जातो.

संध्याकाळ होते. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात गुंतलेला आहे, असं मोशेच्या नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सांगितलं आहे. मालक नियमाप्रमाणेच वागतो. पण कारभाऱ्याला तो सांगतो, शेवटच्यांपासून सुरुवात कर. पाचला आलेल्याच्या हातावर पूर्ण दीनार पडते. पहाटे आलेल्याच्या हातावरही एकच.

इथे जरा थांबू. मालकाने पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते, तर ते खुशीत घरी गेले असते. कुरकूर झालीच नसती. म्हणजे तक्रार मजुरीबद्दल नव्हती, ठरलेली मजुरी पदरात पडलीच होती. तक्रार शेजाऱ्याला काय मिळालं याबद्दल होती. मालकाने मुद्दाम त्यांना उभं करून ते बघायला लावलं. येशूला हा दाखला कोणासाठी सांगायचा होता, हे आदल्या अध्यायाच्या शेवटी कळतं. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? पेत्र पहाटेचा मजूर आहे. आणि मंडळी, या मंदिरात लहानपणापासून येणारे, संडेस्कूल शिकवणारे, पंचकमिटीत बसणारे आपणही सगळे पहाटेचेच मजूर आहोत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रोजच्या जगण्यात कृपा घ्यायला आपल्याला आडवं येतं ते आपलं पापच असतं असं नाही. पुष्कळदा आडवा येतो तो आपला हिशेब. पापी माणसाला निदान ठाऊक असतं की आपल्याकडे दाखवायला काही नाही. हिशेबी माणूस देवापुढे वही उघडून बसतो: इतके उपास केले, कमाईचा इतका दशांश दिला, इतकी वर्षं सासूची सेवा केली. आता बोला.

आपल्या रक्तात आणखी एक गोष्ट आहे. कोणाचं मिंधं व्हायचं नाही. शेजारणीने वाटीभर भाजी दिली, तर वाटी रिकामी परत जात नाही. ही चांगली रीत आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. पण तीच रीत आपण देवाशी लावतो. नवस बोलतो आणि फेडतो. नवसासाठी हरेगावच्या मतमाउलीला किंवा वांद्र्याच्या माउंट मेरीला, मरियामातेच्या यात्रेला, जाणाऱ्यांकडे आपण प्रोटेस्टंट लोक जरा वरून बघतो. बघू नका. आपलाही नवस असतो, फक्त त्याला आपण ‘प्रभूला दिलेला शब्द’ म्हणतो. देणं फिटलं की माणूस मोकळा होतो, आणि देवापासूनही मोकळाच व्हायची आपली धडपड असते. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, तारण हे देवाचं दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालं नाही. दान घेतल्यावर उधारी शिल्लक राहत नाही, म्हणून मिंधेपणाही नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पचायला फार जड आहे.

आता पाचच्या मजुराकडे परत बघा. एका तासाची मजुरी हिशेबाने किती? दीनारचा बारावा भाग. त्यात घरातल्यांचं पीठ येत नाही. घराला जेवढं लागतं तेवढीच दीनार मालकाने दिली. रोजची भाकर आज आम्हाला दे, ही प्रार्थना आपण म्हणतो. ती त्या संध्याकाळी त्याच्या घरी ऐकली गेली. ती दीनार साठवणीसाठी नव्हती, त्या दिवसासाठी होती. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पाठवलेलं अन्न, मिळाला तोही असाच. ज्याने पुष्कळ गोळा केला त्याचं जास्त झालं नाही, ज्याने थोडा केला त्याला कमी पडलं नाही, आणि सकाळपर्यंत ठेवला त्याला किडे पडले. फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट. पुढच्या वर्षी मुलीचं लग्न कसं होईल, याची ताकद आज मागून आजच मिळत नाही, ती पुढच्या वर्षी मिळते. आज मिळते ती आजच्या भांडणात जीभ आवरण्याची. मागच्या बाकावरच्या ताई, गेल्या मंगळवारी तुम्ही सुनेला उलटून बोलणार होता आणि बोलला नाहीत, ते काय तुमच्या स्वभावाने झालं? तुमचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

मधुमेह मात्र गेला नाही. ते झाकून मला पुढे जायचं नाही. प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या चंगाई सभांचे फलक गावोगाव लागतात, आणि बरे न होता परत आलेल्याला सांगितलं जातं की तुमचा विश्वास कमी पडला. हे क्रूर आहे. पौलाच्या शरीरात काटा होता. तो कशाचा, हे तो सांगत नाही. काढ म्हणून त्याने तीनदा विनवलं. उत्तर मिळालं: माझी कृपा तुला पुरेशी आहे. काटा निघाला नाही. विश्वास कमी पडला असं पौलाला कोणी म्हणू धजेल का?

कृपा रोज घ्यायची कशी, असं तरुण मंडळी विचारतात. मोठी पद्धत नाही. सकाळी काम सुरू करायच्या आधी मागा. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव प्रार्थनेत घ्या, फक्त तो सुधारावा म्हणून घेऊ नका. आणि कोणी मदत करायला आलं तर लगेच ‘नको नको’ म्हणू नका. माणसाच्या हातून घेता येत नाही त्याला देवाच्या हातून घेणं अवघड जातं, असा माझा अनुभव आहे.

एक चिठ्ठी आली आहे. चांगला प्रश्न आहे: कृपा फुकट असेल तर माणसं सैल पडणार नाहीत का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल हाच प्रश्न स्वतःला विचारतो आणि ‘कधीच नाही’ म्हणतो. पण मी उत्तर आपल्या मातीतलं देतो, पंडिता रमाबाईंचं.

रमाबाई पहाटेच्याही आधी कामाला लागलेल्या. लहानपण आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा, उपासतापास, पुराणकथन यांत गेलं. होतं ते धर्मकृत्यांत खर्च झालं आणि दुष्काळात आईवडील, बहीण उपासमारीने गेले. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आणि त्या स्वतः लिहितात, की पुढे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! या काळात त्या रिकाम्या नव्हत्या. अमेरिकेत व्याख्यानं दिली, 1889 मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं. सगळं चांगलं, सगळं स्वतःच्या बळावर. 1891 च्या सुमारास ही विदुषी पहाटेच्या मजुरांची रांग सोडून पाचवाल्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्यानंतर त्या सैल पडल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा आणल्या. स्वतः एका दुष्काळातून वाचलेली बाई दुसऱ्या दुष्काळात शिरली. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं आणि 1900 च्या सुमारास तिथली वस्ती 2000च्या घरात गेली. कोणी शेत बघत होती, कोणी माग चालवत होती, कोणी तेल काढत होती, अंध मुली ब्रेल शिकत होत्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर त्यांनी हाती घेतलं आणि त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही काम चालूच होतं. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या बायका तिथल्याच होत्या, अड्ड्यावर ज्यांना कोणी कामाला लावलं नसतं अशा.