काटा कुठे उतरतो

(पडद्यावर : साताऱ्यातली पहाट. एका जुन्या घराचं फाटक उघडतं. आत बुटकी, उघड्या टपाची लाल गाडी.)

सकाळचे सहा वाजलेत. चोक ओढला, किल्ली फिरवली आणि गाडी दुसऱ्या प्रयत्नात जागी झाली. ही १९६६ ची एमजीबी स्पोर्ट्स कार, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली. १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि चार गिअर. हिला घेऊन आज यवतेश्वरचा घाट चढायचाय. नजर मात्र सगळा वेळ डॅशबोर्डवरच्या एका काट्यावर राहणार आहे, इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणाऱ्या.

समर्थ मंदिर मागे पडेपर्यंत मी काटा २५०० च्या वर जाऊ देत नाही. इंजिनातल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा लवकर वर येतो, तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. थंड, घट्ट तेलावर इंजिन पिळलं की झीज होते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

शेजारच्या सीटवर अण्णा आहेत. एसटीत ड्रायव्हर होते, महाबळेश्वरपासून कोकणापर्यंतचे घाट त्यांच्या मनगटात बसलेत. स्पोर्ट्स कार त्यांनी आयुष्यात ही एकच पाहिली, तरी गिअर कधी बदलायचा ते मला त्यांनीच शिकवलं.

गाडी घरी आली तेव्हा एका जाणकाराने मला बजावलं होतं, जुनं इंजिन आहे, अडीच हजारांच्या वर नेऊच नका. वर्षभर मी ते इमानेइतबारे पाळलं. घाटातसुद्धा दुसऱ्या गिअरमध्ये अडीच हजार झाले की लगेच तिसरा टाकायचो. गाडी धडधडायची, इंजिनातून बारीक टणटण ऐकू यायची. मला वाटायचं, वय झालंय तिचं. अण्णा पहिल्यांदा सोबत आले आणि दुसऱ्याच वळणावर म्हणाले, "आरं, म्हातारीच्या डोक्यावर हंडा दिऊन जिना चढाय लावलाईस व्हय रं तू?"

त्या रात्री मी वही घेऊन बसलो.

(पडद्यावर : वहीचं पान, पेन्सिलीने लिहिलेले आकडे.)

गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा व्हायला इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात, ते गिअरचं गुणोत्तर. या गाडीच्या दुसऱ्या गिअरचं ते २.२१ आहे, तिसऱ्याचं १.३७. म्हणजे दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलं की इंजिनाचे फेरे ३८ टक्क्यांनी पडतात. अडीच हजारांवर गिअर बदलला तर काटा साडेपंधराशेवर येतो. इंजिनाचा सर्वांत जास्त टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आहे ३००० ला, १४९ न्यूटन मीटर. त्याच्या निम्म्या फेऱ्यांवर मी तिला चढाला जुंपत होतो. फेरे कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा वेळी बेअरिंगमधला तेलाचा थर पातळ होतो आणि पेट्रोल अवेळी भडकतं. ती टणटण त्याचीच होती. जपण्याच्या नादात मी तिला त्रास देत होतो, हे कळल्यावर वाईट वाटलं.

आता साडेचार हजारांवर बदलून बघा. पहिल्यातून दुसऱ्यात काटा उतरतो २७५० च्या आसपास, दुसऱ्यातून तिसऱ्यात २८०० ला. तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर कमी असल्याने तिथे चार हजार पुरतात, काटा २९०० वर येतो. प्रत्येक वेळी इंजिन जिथे मनापासून ओढतं, तिथेच. म्हणून गिअर बदलताना मी आता पुढच्या गिअरचा आकडा आधी मनात धरतो.

एक गैरसमज मात्र काढायला हवा. टॉर्क ३००० ला सर्वाधिक, म्हणून ३००० ओलांडले की गिअर बदला, असं बरेच जण सांगतात. पण चाकाला मिळणारा जोर गिअरने गुणून येतो. ५४०० फेऱ्यांवर हे इंजिन ९५ अश्वशक्ती देतं, तिथे टॉर्क १२५ पर्यंत खाली आलेला असतो. तरीही १२५ गुणिले २.२१ हे १४९ गुणिले १.३७ पेक्षा कितीतरी जास्त भरतं. वेगच हवा असेल तर ५४०० पर्यंत दुसऱ्यातच राहावं. मी साडेचार हजारांवर थांबतो ते जुन्या लोखंडाच्या मायेपोटी.

(पडद्यावर : घाटातलं वळण. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा. मग पायांचं जवळून दृश्य.)

हे वळण बघा. तिसरा गिअर, काटा २०००, वेग ताशी ४२. पुढे चढ तीव्र आहे, दुसरा हवा. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ३२०० वर असायला लागतं. क्लच दाबला, गिअर न्यूट्रलला आणला, क्लच सोडला. आता रेस, काटा ३२०० ला शिवला. पुन्हा क्लच, आणि दुसरा. आवाज झाला नाही, धक्काही नाही. एसटीच्या जुन्या गाड्यांना या डबल क्लचशिवाय गिअर पडायचाच नाही. आमच्या गाडीत दुसऱ्याला सिंक्रो आहे, म्हणजे गिअर पडण्याआधी फेरे जुळवून देणारी पितळी कडी, पण ती साठ वर्षांची झालीय, तिचं काम आपण केलेलं बरं. पहिल्याला तर सिंक्रो नाहीच.

गिअर खाली आणताना घाई नको. तिसऱ्यात साडेचार हजारांवर असताना चुकून दुसरा पडला, तर चाकं इंजिनाला सात हजारांच्या पुढे फरफटत नेतात. पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असला तरी.

यवतेश्वरला चहा झाला. उतरताना पुन्हा दुसराच गिअर, काटा २५००, वेग ताशी ३२ च्या जवळपास. ब्रेकवर पाय फक्त वळणापुरता. इंजिनच गाडी धरून ठेवतं, मागून हलका गुरगुराट येत राहतो.

(पडद्यावर : घाटाच्या पायथ्याशी थांबलेली गाडी.)

खाली आल्यावर अण्णा नेहमीप्रमाणे उतरले, पुढच्या चाकाजवळ वाकले आणि तळहात ब्रेकच्या जवळ धरून उभे राहिले.

"कोमट हाय," म्हणाले, आणि पुन्हा गाडीत येऊन बसले.